पक्केरावांची रंगीत तालीम

पक्केरावांनी ठरवलं की मतदानाची एक रंगीत तालीम घ्यायची. एवढंच. आता माणसाने एवढं ठरवायला काय हरकत आहे, तुम्हीच सांगा. पण पक्केरावांनी काहीही ठरवलं की त्यांची बायको आधी घरातला हातोडा लपवते, आणि इतक्या वर्षांत तो एकदाही उगीच लपवलेला नाही.

पक्केराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात कारकून. "काम कसं पक्कं पाहिजे" हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. त्यांनी बांधलेलं पार्सल समोरच्याला करवतीने उघडावं लागे. स्वयंपाकघरातली फळी त्यांनी भिंतीला अशी ठोकली होती की रंगारी आले तेव्हा हात टेकून फळीभोवतीच रंग देऊन गेले. (फळी तिरकी आहे. पण पक्की आहे.)

यंदा निवडणूक जवळ आली तशी गल्लीतल्या काही मंडळींनी एक चांगलं काम हाती घेतलं. ज्यांची नावं मतदारयादीत नाहीत त्यांची नोंदवून द्यायची, आणि ज्यांनी कधी मतदान केलं नाही त्यांना ते कसं करतात ते दाखवायचं. मंडळी म्हणजे तिघंच: पक्केराव, औषधाच्या दुकानाचे मालक, म्हणजे आपले औषधवाले, आणि शिवणकाम करणाऱ्या टेलरबाई. कुठल्या पक्षाचं नाव काढायचं नाही, ही पहिली अट. टेलरबाईंच्या दुकानात शिलाई मशीन भिंतीशी सरकवून टेबल मांडलं, आणि संध्याकाळ झाली की तिघंही तिथे ठाण मांडून बसायचे.

आणि खरं सांगायचं तर पक्केरावांनी काम झकास केलं. कोणाचा फोटो डोळे मिटलेला आला, म्हणून निवडणूक कचेरीने अर्ज परत पाठवला. कोणी आळस केला, कोणी "माझ्या एका मताने काय होतंय" म्हणून उडवून लावलं. पक्केराव चिकाटीने पुन्हा पुन्हा गेले. सोसायटीचा वॉचमन, नर्सिंग शिकायला आलेल्या दोन मुली, गॅरेजमधला मेकॅनिक, बेकरीवाल्याची नवी सून, अशी एकेकाची नावं यादीत आली. पण या सगळ्यांत पक्केरावांच्या जिव्हाळ्याचं नाव एकच होतं. त्यांच्या सासूबाईंचं.

सासूबाई लेकीकडेच राहायच्या. वयाची ऐंशी उलटली होती, गुडघे कुरकुरायचे, पण जीभ ठणठणीत. आणि या बाईंनी उभ्या आयुष्यात एकदाही मत दिलं नव्हतं. पहिल्या वेळी बाळंतपण आडवं आलं. मग नवऱ्याच्या बदल्या, की घर एका गावात आणि नाव दुसऱ्याच गावात. एकदा सगळं जुळून आलं, तर घरातली झाडून सगळी माणसं मतदानाला गेली आणि तान्ह्या नातवाला सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून या मागे राहिल्या.

"इतकी सरकारं आली नि गेली," त्या म्हणायच्या, "मला एकानेसुद्धा विचारलं नाही, की बाई, तुझं काय म्हणणं आहे."

हे पक्केरावांच्या मनाला फार लागायचं. त्यांनी सासूबाईंच्या नावासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी नाव आलं, फोटोसकट. सासूबाईंनी तो फोटो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला, आणि म्हणाल्या, "जावईबापू, ही बाई मत देईल असं वाटतंय हो."

पक्केरावांना जगणं सार्थकी लागल्यासारखं वाटलं. तिथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण नाही. "नुसतं तोंडाने सांगून लोकांना कळत नाही," ते बायकोला म्हणाले. "आत गेल्यावर गडबडतात. आपण घरी तालीम घेऊ. सगळं खऱ्यासारखं."

"घ्या ना," बायको सावधपणे म्हणाली. "पण घरात काही ठोकायचं नाही."

मतदानाच्या आधीच्या रविवारी बाहेरच्या खोलीत केंद्र उभं राहिलं. जेवणाचं टेबल म्हणजे अधिकाऱ्यांचं टेबल. त्यामागे अधिकारी म्हणून बायको आणि टेलरबाई. कोपऱ्यात दोरीवर बेडशीट टांगून आडोसा. आडोशात बुटांच्या खोक्याचं मशीन, त्यावर तीन बटणं आणि तीन उमेदवार: किटली, छत्री आणि कात्री. बटण दाबलं की मशीनमधून लांबलचक शिटी वाजते, ती पक्केराव बेडशीटमागे स्टुलावर बसून स्वतः तोंडाने वाजवणार होते.

राहिली बोटाची शाई.

"पेनची लावा," बायको म्हणाली.

पक्केरावांनी पेनची शाई बोटाला लावून पाहिली, नळाखाली धरली. गेली. त्यांचा चेहरा पडला. "ही कसली शाई! याला काय खरं म्हणायचं?"

"अहो, तालीम आहे ना? धुतली की गेलेलीच बरी."

"अगं, पण त्यांना तो अनुभव यायला नको? शाई लागली की माणसाला कसं वाटतं, की हां, आपण काहीतरी केलं!"

आणि ते उठून थेट लाँड्रीवाल्याकडे गेले. कुठला कपडा कोणाचा हे कळावं म्हणून लाँड्रीवाला कपड्यांवर बारीक खुणा करायचा, त्याची काळी शाई त्याच्याकडे असायची.

"पक्की आहे ना?" पक्केरावांनी विचारलं.

"साहेब, उकळत्या पाण्यात घाला, ब्रशने घासा. कापड फाटेल, खूण जायची नाही."

दुसऱ्या कोणालाही यात धोक्याची घंटा ऐकू आली असती. पक्केरावांना लग्नाची सनई ऐकू आली. ते बाटली छातीशी धरून घरी आले.

तालीम मात्र दृष्ट लागण्यासारखी झाली. वॉचमन इतका गंभीरपणे आडोशात गेला की बाहेर येताना त्याने सलाम ठोकला. नर्सिंगच्या मुली शिटी ऐकून हसून हसून बेजार झाल्या. मेकॅनिकने विचारलं, "छत्री नि कात्री दोघांना दिलं तर चालतं का?" आणि पक्केरावांनी बेडशीटमागूनच त्याला लोकशाहीवर एक छोटं भाषण दिलं. प्रत्येकाच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर, नखावरून कातडीवर, अगदी नियमात सांगितलंय तिथेच, पक्केरावांनी स्वतः काडीने शाई ओढली. बायको आणि टेलरबाई अधिकारी म्हणून सुटल्या, पक्केराव मशीन म्हणून सुटले.

सासूबाई सगळ्यांत शेवटी गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी बोट उजेडात धरलं. बराच वेळ धरलं.

"किटली निवडून आली पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि जावईबापू, शिटी जरा कमी वाजवा. छातीत धस्स होतं."

संध्याकाळी बायको सासूबाईंचा हात साबणाने धुऊन देत होती. एकदा धुतला, दोनदा धुतला. मग तिने नवऱ्याला हाक मारली.

"अहो, ही जात नाहीये."

"जाणारच नाही!" पक्केराव खुर्चीतून आनंदाने म्हणाले. "लाँड्रीची आहे. सांगितलं नव्हतं, पक्की आहे म्हणून?"

"आणि खरं मतदान बुधवारी आहे."

पक्केरावांच्या हातातला चहाचा कप होता तिथेच थांबला. चेहऱ्यावरचा आनंद कोणीतरी खालून ओढून काढावा तसा हळूहळू उतरला. बोटाला शाई दिसली की केंद्रावर माणसाला परत पाठवतात, हे त्यांनीच सगळ्यांना घसा ताणून सांगितलं होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. औषधवाल्यांनी स्पिरिट दिलं. शाईने ते मानलं नाही. मेकॅनिकने पेट्रोल आणलं, त्याने बोटाला वास आला, बाकी काही नाही. टेलरबाईंनी लिंबू सुचवलं, कोणी टूथपेस्ट सुचवली, कोणी राख. वॉचमनने पॉलिश पेपरने घासलं आणि औषधवाल्यांकडून पट्टी बांधून घेतली. सासूबाई वाटीतल्या गरम पाण्यात बोट बुडवून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या जावयाने शिजत घातलंय."

"निवडणूक कचेरीत जाऊन सांगून टाका," बायकोने दहादा सांगितलं. "जे झालं ते झालं. ते काहीतरी तोड काढतील."

पक्केराव निघालेही होते. कचेरीच्या दारापर्यंत गेले. आत सगळे ओळखीचे चेहरे. महिनाभर ज्यांना आपण अर्ज कसा भरावा ते शिकवलं, त्यांना आता हे कुठल्या तोंडाने सांगायचं? ते दारातूनच परत आले आणि घरी म्हणाले, "साहेब जागेवर नव्हते." (साहेब जागेवर होते. पक्केराव नव्हते.)

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी घरोघर जाऊन बोटं तपासली. खूण फिकी झाली होती, हे खरं. "दिसत नाही," त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. "अजिबात दिसत नाही." आपला चष्मा घरी राहिलाय, हे त्यांच्या लक्षात होतं. पण त्यांनी ते लक्षात येऊ दिलं नाही.

बुधवारी पक्केरावांनी सकाळीच आपलं मत दिलं. काही अडचण आली नाही. मग ते शाळेच्या आवाराबाहेर, आखून दिलेल्या रेषेच्या पलीकडे, औषधवाल्यांबरोबर उभे राहिले. मदत करणाऱ्यांना त्या रेषेच्या आत यायची बंदी होती. थोड्या वेळाने बायको आईचा हात धरून आली. सासूबाईंनी ठेवणीतले कपडे घातले होते. जाताना त्यांनी जावयाकडे पाहून मान हलवली आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा बायकोचं तोंड लाल झालं होतं आणि सासूबाई सरळ समोर बघत चालत होत्या.

"काय झालं?" पक्केरावांनी विचारलं.

"काय होणार?" बायको म्हणाली. "मी पुढे होते, माझं झालं. आईचा हात धरला त्या शाई लावणाऱ्या अधिकाऱ्याने, आणि सगळ्या रांगेसमोर म्हणाला, 'आजी, एकदा मत दिलं की पुन्हा देता येत नाही. या वयात असं करू नये.' लोक हसले हो. मी भांडले, सांगितलं सगळं, तर म्हणाला, अशा गोष्टी रोज ऐकतो."

"आई, मी आत्ता जाऊन..."

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर पक्केरावांना सोसलं असतं. "चल गं घरी."

पाठोपाठ वॉचमन परत आला. मग नर्सिंगच्या मुली. मग मेकॅनिक. पक्केरावांनी रेषा ओलांडली आणि धावत आत गेले, तसा पोलिसाने त्यांना दंडाला धरून अधिकाऱ्यासमोर उभं केलं.

"साहेब, ती शाई मी लावलीय!" पक्केराव धापा टाकत म्हणाले.

अधिकाऱ्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही? कुठल्या पक्षाचे?"

"कुठल्याच नाही. पाणीपुरवठा खात्याचा."

"म्हणजे मतदानाआधीच लोकांच्या बोटांना शाई लावून तुम्ही त्यांना मत देण्यापासून अडवलंत?"

"छे हो, अडवलं कुठे! तयारी करून घेतली! माझ्या सख्ख्या सासूलासुद्धा लावलीय!"

"सासूलासुद्धा," अधिकारी पोलिसाला म्हणाला. "नोंदवून घ्या."

"साहेब, मी खरंच मदत करत होतो."

"अशी मदत करणारा पहिलाच भेटला," पोलीस म्हणाला आणि त्याने पक्केरावांना पहिलीच्या वर्गातल्या बाकावर नेऊन बसवलं. बाक इतका लहान होता की गुडघे हनुवटीला लागत होते. वरिष्ठ अधिकारी दुसऱ्या केंद्रावर गेले होते. ते येईपर्यंत हलायचं नाही, असा हुकूम झाला.

पक्केराव बसून राहिले. येणारे मतदार खिडकीतून त्यांच्याकडे बघून जात. त्यांच्या स्वतःच्या बोटावर खरी शाई होती, नवी कोरी, चकचकीत. त्यांना ती बघवेना. त्यांनी हात खिशात घातला. त्या दारातून मी परत फिरलो नसतो तर, एवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. चारचौघांत थोडं हसू झालं असतं. माझं झालं असतं. आता ते त्या बाईंचं झालं.

दुपार कलली तेव्हा वरिष्ठ आले. त्यांनी सगळं ऐकलं, लाँड्रीवाल्याला बोलावून त्याच शाईची दुसरी बाटली पाहिली, आणि शिटीपर्यंत गोष्ट आली तेव्हा त्यांना हसू आवरेना. मग ते गंभीर झाले. "यादीत यांच्या नावापुढे खूण नाही, म्हणजे यांनी मत दिलेलं नाही. प्रत्येकाने स्वतः येऊन लिहून द्यावं, शाई दुसऱ्या हाताला लावू. पण वेळ संपायच्या आत. आणि तुम्ही," ते पक्केरावांना म्हणाले, "पुन्हा कधी शाईला हात लावू नका. पेनसुद्धा जपून."

पक्केराव सुटले ते धावतच सुटले. आणि इथे, वाचकहो, त्यांनी आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक केली. शाईची नव्हे. ती तर हसण्यावारी गेली असती. त्यांनी मनाशी म्हटलं, आधी लोकांना गाठू. आई काय, घरच्याच आहेत, त्यांना शेवटी नेऊ.

वॉचमनला फाटकावरून उठवलं आणि तो येईपर्यंत फाटकावर स्वतः उभे राहिले. नर्सिंगच्या मुलींची ड्यूटी बदलून घ्यायला हॉस्पिटलात गेले. मेकॅनिक गाडीखाली होता, त्याला पाय धरून बाहेर ओढलं. बेकरीवाल्याची सून रुसून बसली होती, तिची समजूत काढली. एकूण एक माणूस केंद्रावर पोचवला. प्रत्येकाने मत दिलं, प्रत्येकाच्या दोन्ही हातांना शाई. मग ते रिक्षा करून घरी आले.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. कपडे बदलले नव्हते.

"आई, चला! परवानगी मिळाली!"

"सगळ्यांचं झालं?"

"झालं! एकही राहिला नाही!"

"म्हणजे मी शेवटची."

"तुम्ही काय, आई, घरच्याच ना..." म्हणता म्हणता पक्केरावांची जीभ अडखळली.

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "घरचीच."

बायको दारात उभी होती. ती आईच्या शेजारी जाऊन बसली.

"मी येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी हसले, तेवढं पुरे."

पक्केराव खाली फरशीवर बसले. त्यांनी हात जोडले. "आई, मला मारा. पण चला. हसले तर मला हसतील, मी तुमच्या पुढे चालतो."

सासूबाईंनी चष्मा पुसून त्यांच्याकडे पाहिलं. मग काठी मागितली. जिना उतरायला वेळ लागला, रिक्षात बसायला वेळ लागला. पक्केराव पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लोंबकळत होते आणि वाटेतल्या प्रत्येक गाडीला हात जोडत होते.

शाळेचं फाटक लागलेलं होतं.

"वेळ संपली," तोच पोलीस म्हणाला. "आत्ता, एवढ्यात लावलं. आत जे रांगेत आहेत तेवढेच."

पक्केरावांनी काय काय म्हणून बघितलं नाही! पोलिसाला खरंच वाईट वाटलं, तो आत जाऊन विचारूनही आला. पण नियम तो नियम. सासूबाई गजांना धरून उभ्या राहिल्या. आतल्या वर्गात दिवे लागले होते. रांग संपली, अधिकाऱ्यांनी मशीन बंद केलं, त्यावर लाख लावून सील ठोकलं. सासूबाईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

"पक्कं केलं," त्या म्हणाल्या. "चला."

घरी कोणी दिवा लावायलाही उठलं नाही. पक्केराव टेबलाशी बसले आणि एकाएकी त्यांना हुंदका आला. "आई, माझं चुकलं. सगळ्या गल्लीला घेऊन गेलो आणि तुम्हालाच ठेवलं. आता पाच वर्षं... पाच वर्षं म्हणजे..."

"म्हणजे मी पंच्याऐंशी पार करीन," सासूबाई म्हणाल्या. "त्यात रडायचं काय? डोळे पुसा आधी. मी काही एवढ्यात जात नाही. मला कोणीतरी विचारल्याशिवाय मी जायची नाही, हे ठरलंय माझं."

पक्केरावांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा उजेड आला. "आई, पुढच्या वेळी मी स्वतः, सगळ्यांच्या आधी तुम्हाला..."

"थांबा. माझी एक अट आहे."

"कुठलीही! बोला!"

"त्या आठवड्यात तुम्ही गावाला जायचं."

पक्केरावांनी मुकाट्याने मान डोलावली.

"तिकीट मी काढते," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "जायचंच काढते. परतीचं निकाल लागल्यावर बघू."